छातीतली पाळी

प्रिय इन्सोक,

मला अधूनमधून खोकल्यातून रक्त पडायचं. तुझी आई म्हणाली, "पोरीला क्षय आहे, हे लग्न नको." तू तिचं ऐकलंस आणि बुसानला निघून गेलास.

काल नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त पाळीच्याच दिवसांत पडतं का गं?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर माझ्या फुफ्फुसात वाढलाय, दर पाळीला तिथूनही रक्त येतं. गोळ्यांनी थांबेल म्हणाल्या. मी त्यांच्यापुढेच रडले.

तुझी आई बाजारात मला पाहून अजून तोंडावर रुमाल धरते. तुला आता दोन मुली आहेत, म्हणून हे पाठवणार नाही. पण तुझ्याशेजारी बसले की मी खोकला दाबून धरायचे. एकदा तरी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणी खोकायचं होतं रे.

अजूनही इथेच असलेली,
हेजिन