हळदीचा अंगठा

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार (डावा स्वच्छ, उजवा अजून पिवळा). तुझा गुडघा, तुझं मांजर आणि जिन्याची तिसरी पायरी, तिघांचीही खुशाली कळव. मी उत्तम आहे. खरं सांगायचं तर सर्दी आहे, पण ती मोजण्यासारखी नाही.

तब्येतीसाठी रोजच्या खाण्यात हळद कशी घालावी, ते वाचून कळव, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. तू मला विचारावंस याचं नवल वाटलं, पण नुसतं वाचून कसं कळवू? स्वतः करून बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, ही तुझीच शिस्त. म्हणून पंधरा दिवस प्रयोग केले. दुधात जमते, फक्त चमचा लगेच धुवावा. अंड्यात छान लागते. सूपमध्ये कळतसुद्धा नाही. चहात घालू नये (दोनदा घालून बघितली, एकदा चुकून झालं असेल म्हणून). सोबत चिमूटभर मिरपूड आणि थोडं तूप असलं की अंगी लागते म्हणे. हे मी चार ठिकाणी पडताळलं. माझ्या खोलीतली मैत्रीण दातांच्या दवाखान्यात काम करते. तिने माझी जीभ बघून विचारलं, "तुला कावीळ झालीय का गं?" तिच्या पांढऱ्या टॉवेलला मी हात पुसल्याचं कळल्यावर मात्र दोन दिवस ती नुसतं "हं" म्हणत होती.

शेवटचा प्रकार म्हणजे पावावर लोणी आणि हळद. तो मी कामावर जाता जाता खाल्ला आणि तिथेच घात झाला. आम्ही जुने कागद दुरुस्त करतो, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी टेबलावर एक जुना नकाशा होता आणि त्याच्या कोपऱ्यात ढळढळीत पिवळा अंगठा! माझाच असणार! कुणी विचारायच्या आत मी दोन पानी कबुलीजबाब लिहिला (समास सोडून) आणि आमच्या मुख्य बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो पूर्ण वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली, मग नकाशा जांभळ्या दिव्याखाली धरला. डाग काजव्यासारखा चमकला. हळदच! मी डोळे पुसायला लागले, तोवर त्यांनी नकाशा आला त्या दिवशीचा फोटो कपाटातून बाहेर काढला. डाग त्यातही होता. "हा अंगठा तुझ्या दुप्पट आहे आणि तुझ्या जन्माआधीचा आहे," त्या म्हणाल्या. "हात धू जा. आणि कबूल करायचाच असेल, तर आधी स्वतःचा गुन्हा शोध."

तो अनोळखी अंगठा बघून मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. शाळेत घालायच्या आधी तू मला ओट्यापाशी स्टुलावर बसवून बेरजा शिकवायचीस. लाल शाई नव्हती. फोडणीत हळद टाकता टाकता तू बरोबर उत्तराच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा उठवायचीस. चुकलेल्या बेरजेवर काहीच नाही. तो कोरा कोपरा दिसला की मला रडू यायचं. पुढे शाळेत पैकीच्या पैकी मिळाले, पण त्यांना वास नव्हता.

सतराच्या पाढ्याला अजून अडखळणारी
तुझी भाची

ता. क. : तुझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. स्वयंपाकातल्या चिमटीपेक्षा जास्त हळद डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

ता. क. दुसरा : वरचं सगळं नाही वाचलंस तरी चालेल, एवढं वाच. आजवर तुझ्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पिवळा डाग असायचा. या वेळचा कोपरा कोरा आहे. बाईंना विचारून मी तो दिव्याखालीही धरला. चाळीस वर्षं न मोजता हळद टाकणारी बाई मला हळद कशी घालायची विचारते, हे माझ्या पंधरा दिवसांनी लक्षात आलं. स्वयंपाक कोण करतंय, आत्या? हात उचलत नाही का? "सगळं ठीक" असं लिहू नकोस. सोबत कोरा कागद पाठवते आहे, त्यावर नुसता अंगठा उठव (शेजारणीचा चालणार नाही, मी ओळखते). कागद कोरा आला, तर उत्तर चुकलं असं धरून मी मिळेल त्या गाडीने निघते. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. बाईंनी तारखेची जागा मोकळी ठेवून सहीसुद्धा केलीय.