रुखमाच्या शपथेची मुदत

मु. जानेफळ

आमची मानाची, तापट, धाकटी बहीण रुखमाबाई, इले दुसरबीड मुक्कामी थोरल्या गीताबाईचे पोटभर आशीर्वाद. इकडं सारे खुशाल. तुह्या गुडघ्याचं कसं हाये? (राग गुडघ्यात उतरते म्हणतात, म्हणून इचारलं.) मी सांगून राह्यली आन् नात पूनम मांडीवर लेकरू घेऊन लिहून राह्यली. अक्षर हाललं तं लेकराचं समज.

तं झालं असं, का इथल्या शाळेत फुग्यासारखा काळा तंबू आला होता. आत निजून आभाळ पाहा लागते. तुहे भाऊजी उकंडराव आन् मी गेलो. मास्तर सांगे, पाचशे कोटी वर्षांनं सूर्य फुगन, धरतीले गिळन, मंग विझन. त्याच्या मांगं एकएक करून साऱ्या चांदण्या विझतीन, आन् सारीकडं नुसता अंधार न् थंडी. म्या इचारलं, "मंग उरन कोन?" म्हणे, "कोणीच नाही, आजी." म्या म्हटलं, "मंग तुले कोन सांगून राह्यलं?" पोट्टे हासले. (मास्तर बी हासला, पण उशिरा.) तेवढ्यात त्यानं साऱ्या चांदण्या विझवून दाखवल्या. उकंडराव घोरून राह्यले होते, ते नेमके तवाच जागे झाले. पाहतात तं मिट्ट अंधार आन् आजूबाजूले सारे आडवे. त्याइले वाटलं आपण गेलो. जोरानं वरडले, "म्हशीले पाणी पाजलं काय?" (जातानी म्हैस आठवली, मी नाही.)

घरी येऊन दुसरं नाटक. म्या म्हटलं, टिन गळते, दुरुस्त करा. तं म्हणे, "सूर्यच विझून राह्यला, टिनाचं काय घेऊन बसली?" मंग म्या बी चहा बंद केला. म्हटलं, आमची चूल आधी विझली. दिवस बुडाच्या आत टिनावर चढले.

पण मले मास्तरचं बोलणं लागलं वं. पूनमच्या लग्नात तुह्या आहेराचं हिरवं लुगडं तिच्या सासूले गेलं, तुले तपकिरी आलं, आन् तू भर मांडवात हात वर करून म्हटलं, चंद्रसूर्य हाये तवर तुह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. मले वाटे, दिवाळीपर्यंत येशीन. आता पाहते तं पाचशे कोटी वर्षं! तवर आपल्यातली एक तरी जाईन. (बहुतेक तू, रागामुळं.)

आन् पूनमच्या लेकीचं बारसं तोंडावर आलं. पाळणा तुह्याबिगर कोन म्हणन? म्या म्हटला तं म्हैस दावं तोडते.

म्हणून उपाय काढला. अवसेले दिवस बुडला, का आभाळात सूर्य नाही आन् चंद्र बी नाही. तेवढ्यात शेवटच्या एस्टीनं ये आन् उंबरा ओलांड. मंग सकाळी सूर्य निघू दे, तू आतच! शपथ पाय ठेवाची होती, राहाची नव्हती. बारसं दोन रोजांनं करू.

वाट पाहणारी,
गीताबाई (अंगठा माहा, डाग लेकराचा)

ता.क. तसंच हिरवं लुगडं आणून ठेवलं हाये. आली तरच दाखवन.

ता.क. पूनम म्हणते, अवसेले बी चंद्र असतेच, दिसत नाही एवढंच. हे लिहू नको म्हटलं तिले. तिनं लिहिलं असन तं मले वाचता येत नाही, तू ऐकू नको.

आखरी ता.क. खुर्शीदभाऊ, रुखमीच्या शेजारी टेलरकी करता करता तूच तिले पत्र वाचून दाखवतं, म्हणून तुले सांगते. हे मनातच वाच. लेकीचं नाव आम्ही रुखमा ठेवून राह्यलो. तिले कळलं तं म्हणन, "मले न इचारता माहं नाव वाटून टाकलं!" आन् भांडाले दुपारच्याच गाडीनं येईन, भर उन्हात, सूर्यासमोर.

थांब भाऊ. वाच. मोठ्यानं वाच.