सरजाआत्याचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आज. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून घराण्याची वंशावळ जमवायला बसलो आणि हाती हे लागलं.

बाबांची बहीण सरजाआत्या लहानपणीच देवीच्या साथीत गेली, असं आम्हाला सांगितलं होतं. आज कुहीच्या तहसील कचेरीतून शेताच्या जुन्या फेरफाराची नक्कल मिळाली. त्यात लिहिलंय, सरजाबाई, विधवा, राहणार कन्हान, हिने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क दोघा भावांसाठी सोडला. खाली तिचा अंगठा. म्हणजे आत्या जिवंत होती! धानाचं शेत घेतलं आणि वर तिला मेलेली ठरवलं. बाबांनी. ज्यांच्या फोटोला मी रोज हार घालतो त्यांनी.

अंगठा पुसट आहे, एका बाजूला ओढल्यासारखा. कोणी हात धरून उमटवला असेल का?

महाल भागात राहणाऱ्या चुलतभाऊ वसंताकडे गेलो. कागद पाहून तो चहा ओतता ओतता म्हणाला, "मले माहीत होतं गा. आमच्या बाबांनी सांगितलं होतं. आता काहून उकरून राहिला? तिचं नाव नको टाकू."

त्याला माहीत होतं! चहा तसाच ठेवून उठलो.

घरी येऊन वंशावळीच्या तक्त्यावर बाबांशेजारी शाईने आत्याचं नाव लिहिलं. त्या अंगठ्याकडे पुन्हा पाहवेना. वसंताला फोनवर सांगितलं तर भडकला, "मंग माझं नाव काढ त्याच्यातून!"

खोडायला हात गेलाही होता. पण जिवंत माणूस पुसून टाकायचं काम आमच्या घरात एकदा झालंय. वसंताचं नाव राहील. आत्याच्या खालच्या ओळीत.