उःशाप द्यायचा राहिला

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी इथे अकोल्यात बसून स्वर्गातून पडलेल्या एका देवदूतावर कादंबरी लिहिते आहे. तू असतीस तर हसली असतीस. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" म्हणाली असतीस.

कादंबरी शेवटच्या प्रकरणात अडली आहे. देवदूताला पश्चात्ताप झालाय, तो परत आलाय, दार उघडं आहे, आत त्याला शाप देणारी देवी बसली आहे, आणि हा बाहेरच उभा. पुण्याच्या संपादक बाई फोनवर वैतागल्या. "अहो, परतायचं त्यानं स्वतः ठरवलंय ना? मग जाऊ द्या की आत!" मी रोज त्याला दारापर्यंत नेते आणि रोज तो तिथे थांबून बाबांसारखा खोकतो. दुपारी घरात कुणी नसताना तो खोकला मला खोलीतसुद्धा ऐकू येतो. खोटं नाही सांगत.

मग ती जुनी दुपार समोर येते, अचलपूरच्या आपल्या घरातली. तू चुलीपाशी भाकरी थापते आहेस. बाबा धारणीच्या जीपवर ड्रायव्हर होते आणि तिकडेच दुसरं घर करून बसले होते. ते घर सोडून गेले त्या दिवशी तू गल्लीदेखत ओरडली होतीस, "या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, तं माह्यं मेलेलं तोंड पायसान!" आणि आज ते अंगणात उभे आहेत, दाढी करून, धुतलेल्या कपड्यांत. "अवं, मी आलो," म्हणतात. दार सताड उघडं आहे. तू उठत नाहीस, पण परातीत आणखी पीठ घेतेस. ते मला दिसलं, त्यांना नाही दिसलं. ते खोकतात, उंबऱ्याकडे बघत राहतात. भाकरी गार झाल्या तेव्हा अंगण रिकामं होतं. पुढे धारणीहून आली ती त्यांच्या मरणाचीच बातमी.

"दार तं उघडंच होतं. मंग आत काहून नाई आले?" तू शेवटपर्यंत हेच विचारत राहिलीस, मला, शेजारणींना, कधी नुसतीच भिंतीकडे बघत.

शापित गंधर्वांच्या गोष्टी तूच सांगायचीस ना गं? राग ओसरला की शाप देणारा उःशाप द्यायचाच. मी विचारायचे, गंधर्वानं स्वतःच परत जायचं ठरवलं तर? "ठरवून काय होते? ज्यानं बांधलं, त्यानंच सोडा लागते." आणि स्वतःच्या वेळी नेमकी तेवढंच विसरलीस. आई, त्यांचा अभिमान आडवा आला नव्हता. त्यांनी तुझी शपथ खरी धरली होती. आत पाऊल टाकलं तर तू मरशील, म्हणून ते बाहेर थांबले. आणि तू त्यांचं पाऊल आत पडायची वाट बघत बसलीस. संपादक बाईंना समजावता समजावता हे मला समजलं, आणि आता सांगायला तू नाहीस. मला तुझा राग येतो. त्यांचाही येतो.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? काल मी देवदूताला आत आणलं. देवीला काही झालं नाही. पण ते वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाटत होतं, तुला काही होईल.