भाजला पापड, करपला पापड

आई, आज सकाळी मागच्या बागेतला तुझा दिव्याचा सापळा मी उघडला. बादलीवर नरसाळं, त्यावर दिवा, आत रात्री उजेडावर येणाऱ्या पतंगांना बसायला अंड्यांचे रिकामे ट्रे. सगळं तुझ्या वेळचंच आहे, बादली तेवढी नवी. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तू शिपाई म्हणून निवृत्त झालीस, तेव्हा त्यांनी अडगळीत टाकलेला हा सापळा मागून आणलास. बोरीवलीच्या आपल्या सोसायटीत बायका देवळात निघायच्या त्या वेळी तू पतंग मोजत बसलेली असायचीस. तू त्यांना पाकोळ्याच म्हणायचीस.

पहिला चहासुद्धा नंतर. तारेवर कोतवाल पक्षी टपून बसलेला असतो, म्हणून बादलीवर तुझं जुनं पातळ पांघरलेलं. तू एकेक पाकोळी निरखतेस, तूच ठेवलेल्या नावाने वहीत लिहितेस आणि ट्रे अडुळशाखाली सावलीत ठेवतेस. ‘ढगाळ. भाजला पापड, तीन. करपला पापड, एक. हिरवी चोळी, दोन. माहीत नाही, सात.’ दोन वर्षांत अशा दोन वह्या भरल्या होत्या.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते आणि मला त्या वह्यांची लाज वाटायची. दिवाळीच्या सुट्टीत लायब्ररीतलं पुस्तक आणून मी सगळं पक्क्या वहीत उतरवलं, शास्त्रीय नावांनिशी. नेमकं चित्र सापडलं नाही तिथे जवळचं घेतलं. ‘माहीत नाही’ तर मला बघवेना, त्यांनाही नावं देऊन टाकली. तू कौतुकाने वही मांडीवर घेतलीस आणि विचारलंस, ‘यात करपलो पापड खंय गो?’

‘दोन्ही एकच आहेत आई. पुस्तकात एकच आहे.’

‘पुस्तकात आसा ता खरा आसात,’ तू म्हणालीस. ‘पण तू तिका बघलंसच नाय.’

एवढंच बोलून तू चहा ठेवायला आत गेलीस. मला राग आला होता. पुढच्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा माळा मी रिकामा केला आणि तुझ्या दोन्ही वह्या रद्दीत दिल्या. चुकून नव्हे. हातात घेऊन, चाळून दिल्या.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरची मुलगी आली होती. नॅशनल पार्कच्या कडेचे पतंग ती नोंदवते, जुन्या नोंदी शोधत होती. मी मोठ्या तोऱ्यात पक्की वही काढून दिली. दोन दिवसांनी ती परत आली.

‘काकू, अशा दिसणाऱ्या इथे दोन जाती आहेत, तुमच्याकडे एकच लिहिलीय. पंखाची कड बघितली की कळतं. ओरिजिनल वही आहे ना?’

‘नाही गं.’

‘मग हे नाही घेता येणार ना. सॉरी काकू.’

तिचं काहीच चुकलं नाही. तुझी दोन वर्षं मी पुसली, तीही सुवाच्य अक्षरात. त्या रविवारी सापळा धुऊन पुसून लावला.

आज ट्रेच्या खळग्यात एक पापडी रंगाची बसली होती. चष्मा लावून मी कितीतरी वेळ तिची कड बघितली. दूध उतू गेलं. शेवटी लिहिलं, ‘पापड, एक. भाजला की करपला, माहीत नाही.’ हे पत्र त्याच पानात ठेवणार आहे, आणखी कुठे ठेवू?

एक राहिलं. शेवटच्या पावसाळ्यात तू अंथरुणातून विचारलं होतंस, माझ्या वह्या आहेत ना गो? मी म्हणाले, आहेत ना, माळ्यावर. तू म्हणालीस, माळ्यावर ओल येते, खाली काढून ठेव. मी ‘काढते’ म्हणाले. तुला बरं वाटावं म्हणून स्टूलही ओढलं, वर चढले, आणि रिकाम्या माळ्यात थोडा वेळ हात फिरवून खाली उतरले.