नंबर माझा, तोंड मेव्हण्याचं

१७ मे, रविवार
आजपासून धोंड्याचा महिना लागला. आजपासूनच माझा निश्चय: पोस्टपेड बंद. बिल बघून तोंडाची चव गेली. कॉलर ट्यूनचे पैसे, कुठल्या तरी पिक्चरच्या ॲपचे पैसे, आणि वरून टॅक्स. मी मोटार वाइंडिंगवाला माणूस. तांब्याच्या तारेत आयुष्य गेलं. मला पिक्चर बघायला वेळ कुठाय? घाण धंदा आहे नुसता.

प्रीपेड करायचं, नंबर मात्र तोच ठेवायचा. नंबर गेला तर दुकान गेलं. अर्धापूरपासून लोह्यापर्यंत ज्या ज्या शेतातली मोटार मी भरून दिली, तिथल्या स्टार्टरच्या पेटीवर लाल ऑइलपेंटनं माझा नंबर लिहिलेला आहे. मोटार जळाली की माणूस देवाच्या आधी तो नंबर बघतो.

उद्या दहा मिनिटांत काम उरकून येतो. बायकोला तसं सांगितलं. सिंधू नुसती हूं म्हणाली.

१८ मे, सोमवार
कंपनीची गॅलरी. एसी फुल, माणुसकी झिरो. काउंटरवरच्या पोरीनं कॉम्प्युटरात बघितलं आणि म्हणाली, काका, हा नंबर रामलिंग नावाच्या कस्टमरचा आहे, त्यांना घेऊन या. त्यांचं आधार लागेल आणि इथंच त्यांच्या तोंडाचा फोटो काढावा लागेल. म्हटलं, बाई, नंबर माझा, फोन माझा, इतकी वर्षं बिल मी भरून राहिलो, मग तोंड त्याचं कशाला? ती म्हणे, सिस्टिम घेत नाही.

आपलीच मोरी आन् मुतायची चोरी.

रामलिंग म्हणजे माझा मेव्हणा. लातूरला कॉलेजात क्लार्क. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला सासरवाडीनं विचारलं होतं, जावईबापू, काय पाहिजे? मी काही मागणारा माणूस नाही. फक्त दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी रामलिंग पोस्टपेड मोबाइल घेऊन आला. माझ्या नावावर तेव्हा लाइट बिल नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःची कागदं लावली. तेव्हा वाटलं, पोरानं मान ठेवला. आता कळलं, गळ्यात फास टाकून ठेवला होता.

२० मे, बुधवार
रामलिंगला फोन करणार नाही. जीव गेला तरी नाही. गेल्या वर्षी त्याच्या पोरीच्या, आरतीच्या साखरपुड्यात सगळ्यांना माणूस बसवून फेटे बांधले. आणि माझ्या डोक्यावर, घरच्या एकुलत्या एका जावयाच्या डोक्यावर, रेडिमेड फेटा ठेवला. टोपीसारखा. तो कानापर्यंत खाली आला. फोटोत मी बँडवाला दिसतो. त्या दिवसापासून बोलणं बंद.

प्लॅन तयार आहे. धोंड्याचं बोलावणं तर येणारच. जावयाला वाण दिल्याशिवाय कुणाचा अधिक महिना पार पडलाय? जाईन, जेवीन, आणि हात धुता धुता सहज आठवल्यासारखं म्हणेन, रामलिंग, जरा नांदेडला चक्कर मार, एक फोटो काढायचाय. त्याला बिचाऱ्याला उलट आनंद होईल, दाजी बोलले म्हणून.

तोपर्यंत कंपनीला धडा. बिल भरायचं नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं.

२५ मे, सोमवार
बोलावणं नाही. उकाडा बेकार. पंखा गरम हवा ढकलून राहिलाय.

शेजारच्या धोंडप्पाकडं दोन जावई येऊन गेले. एकाला चांदीची वाटी, दुसऱ्याला सफारीचं कापड. दोघंही बिनकामाचे. एकजण तर ओसरीवर घोरत पडला होता. असल्यांना वाण मिळतं हे बघून किळस आली.

सिंधूनं माहेरचा विषय काढला. मी तिला तिथंच तोडलं. बायकोच्या फोनवर आलेलं बोलावणं मी धरत नाही. रामलिंगनं माझ्या फोनवर, माझ्याशी बोलून, दाजी या म्हटलं पाहिजे. ती म्हणे, बरं, तसं सांगते. हे पण सांगावं लागतं! मान मागून घ्यायची वेळ आली.

२९ मे, शुक्रवार
आउटगोइंग बंद झालं. लई बरं झालं. आता मला कुणाला फोन करायचा मोह होणार नाही. ज्याला गरज तो करेल.

२ जून, मंगळवार
इनकमिंग पण बंद. म्हणजे कंपनी आता चिडली. चिडला तो हरला.

दुकानात कधी नव्हे ती शांतता आहे. दुपारी काउंटरवर डोकं ठेवून मस्त झोप लागली. सिंधू म्हणे, रामलिंग सकाळपासून तुम्हाला फोन लावून राहिलाय, लागत नाही म्हणतो. असल्या सबबी मला कळतात. ज्याला लावायचा असतो त्याचा लागतो.

६ जून, शनिवार
डोकं फिरलं आज. अर्धापूरचा सटवाजी, केळीवाला, माझं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्याची मोटार समोरच्या दुकानात उघडी पडलेली दिसली. आतली तार मीच भरलेली. आपली बायको दुसऱ्याच्या स्कूटरवर दिसावी तसं झालं.

रस्ता ओलांडून सटवाजीला जाब विचारला. तो म्हणे, मालक, केळी माना टाकून राहिली, दिवसभर फोन लावला, लागला न्हाई. मला वाटलं, तुम्ही गेलात. कुठं गेलो, विचारलं. त्यानं वर बघितलं. म्हटलं, अरे, दुकान तर रोज उघडं आहे! तो म्हणे, दुकान कोण बघतंय मालक, आम्ही पेटीवरचा नंबर बघतो.

लोकांना निष्ठा नावाची चीज राहिली नाही. समोरचा वाइंडिंगवाला मला चहा विचारत होता. थू.

१० जून, बुधवार
गॅलरीत गेलो होतो. सहज, ह्यांना घाम फुटला का बघायला. तीच पोरगी. म्हणाली, काका, पंधरा तारखेपर्यंत बिल भरलं नाही तर नंबर कायमचा बंद होईल. मग काही दिवसांनी तो दुसऱ्या कस्टमरला देतील. आणि नुसतं बिल भरून पोस्टपेड सुटणार नाही, त्याला रामलिंग पाहिजेच.

दुसऱ्याला! अर्धापूरच्या रानात कुणाची तरी मोटार जळणार, तो माझा नंबर लावणार, आणि पुण्यातलं कुठलं तरी कॉलेजचं पोरगं उचलून राँग नंबर म्हणणार. शेकडो पेट्यांवर माझ्या हातचं अक्षर, आणि त्याचा मालक ते पोरगं. मी सरळ घाबरलो. घरी येऊन जेवण गेलं नाही.

सिंधू म्हणे, बिल मी भरते, रामलिंगला मी बोलावते, तुम्ही फक्त हो म्हणा. मी हो म्हटलं नाही. अजून चार-पाच दिवस आहेत. बोलावणं येईल.

१४ जून, रविवार
बोलावणं आलं नाही. उद्या अमावास्या, महिना खल्लास. असं सासर कुणाच्या वैऱ्यालाही मिळू नये.

ठरवलं, उद्या लातूरला मीच जातो. ह्याला मागायला जाणं म्हणत नाहीत. अचानक तपासणी म्हणतात. सिंधूला सांगितलं नाही. तांब्याची तार आणायला चाललो म्हटलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट का घालून राहिलात, असं ती उद्या विचारेल, म्हणून शर्ट पिशवीत घेतला.

१५ जून, सोमवार, सकाळ
पहिल्या बसनं निघालो. लोह्याच्या स्टँडवर शर्ट बदलला. अहमदपूरला बस थांबली, भजी खाल्ली. तेल जुनं. समोरून नांदेडला जाणारी गाडी गेली. बोलणी मनात पक्की आहेत. आधी रामलिंगला दहा मिनिटं माफी मागू द्यायची. मग पहिल्या गाडीनं त्याला घेऊन संध्याकाळी गॅलरी बंद व्हायच्या आत नांदेड.

दुपार, लातूर
दार सासूबाईंनी उघडलं. मला बघून मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही हितं? रामलिंग तर सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडला गेला! पंधरा दिवस तुमचा फोन लावू लावू दमला. आज शेवटचा दिवस, म्हणून म्हणाला, मीच वाण घेऊन जातो, दाजींच्या पाया पडतो. धोंडे नेले, अनारसे नेले, तुमचं धोतर-टॉवेल, समदं नेलं.

म्हणजे अहमदपूरला समोरून गेलेल्या गाडीत माझे धोंडे होते.

सासूबाईंना लई वाईट वाटलं. घरात गोडाचं काही उरलं नव्हतं. त्यांनी पिठलं टाकलं. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जावयानं पिठलं-भाकर खाल्ली, हे लिहितानासुद्धा लाज वाटते. पिठलं चांगलं होतं, ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळ
सासूबाईंच्या फोनवरून सिंधूला लावला. तिनं सगळं थंडपणे सांगितलं. रामलिंग आला, दाजी लातूरला पोचलेत हे आईच्या फोनवरून कळल्यावर डोक्याला हात लावून बसला. मग सिंधूच त्याला धरून गॅलरीत घेऊन गेली. बिल भरलं. त्याचं आधार दिलं, त्याच्या तोंडाचा फोटो निघाला. पोस्टपेड सुटलं, प्रीपेड झालं, नंबर तोच राहिला. सगळं करायला अर्धा तास.

माझी छाती फुगली. म्हटलं, बघ, माझा प्लॅन कसा बरोबर बसला.

मग ती म्हणाली, नाव कुणाचं लावायचं, पोरीनं विचारलं. रामलिंगनं हात जोडले, म्हणाला, माझ्या नावावर आता हे लफडं नको. ज्याच्या नावावर करायचं तो समोर पाहिजे, आणि तुम्ही लातूरला. म्हणून माझ्या नावावर केला, नवीन सिम घरातल्या जुन्या फोनात घातलंय.

माझ्या हातातल्या फोनचे रेंजचे दांडे तेवढ्यात गेले. नो सर्व्हिस. खात्री करायला सासूबाईंच्या फोनवरून माझा नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला. वैजनाथ मोटार वाइंडिंग, बोला, गाव कोणतं, मोटार किती एचपीची? आवाज सिंधूचा. ती म्हणाली, हॅलो, बोला की, लाइनवर दुसरं गिऱ्हाईक आहे.

१८ जून, गुरुवार
विचारपूर्वक निर्णय: फोनचं काम सिंधूला सोपवलं. मालकानं सगळं स्वतः बघू नये. नंबर माझाच आहे. तिच्या नावावर आहे आणि तिच्या हातात आहे, एवढंच.

फोन सारखा वाजून राहिलाय. ती गावाप्रमाणं मोटारी लावून घेते, उधारीवाल्याला आधी मागची बाकी विचारते. सटवाजी परत आला. माझ्याकडं बघून मान हलवली आणि बोलायला तिच्याकडं गेला. म्हणे, आता कसं, फोन लावला की लागतो, आणि मॅडम वरडत पण न्हाईत. मी कधी ओरडत होतो? मी समजावून सांगत होतो.

स्वतःसाठी नवीन प्रीपेड घेतलं. तोंड माझं, आधार माझं. पोरीनं फोटो काढताना, काका, जरा हसा म्हटलं. कशाला हसायचं?

२२ जून, सोमवार
दुपारी नवीन नंबरवर पहिला फोन आला. कंपनीची बाई. सर म्हणाली. सर, प्रीपेडवरून पोस्टपेडला या, नंबर तोच राहील.

ह्या लोकांसाठी महिनाभर शिव्या गोळा करून ठेवल्या होत्या. तोंडापर्यंत आल्या, गिळल्या. म्हटलं, स्कीम सांगा, सगळ्या सांगा, सावकाश. तिनं सांगितल्या. परत सांगायला लावल्या. मग मी आपणहून माझी माहिती दिली. अर्धापूर ते लोहा, कुणाची मोटार कधी जळली, कुणाच्या विहिरीत किती पाणी. ती हो सर, हो सर म्हणत होती. मग हो सर यायचं थांबलं.

सिंधू आत डोकावली. सटवाजीची मोटार झाली का, तो फोनवर थांबलाय म्हणे. मी हातानं थांब म्हटलं, बिझनेस कॉल चालू आहे. बाईनं कधीच फोन ठेवला होता. मी तो कानाला तसाच धरून राहिलो.