तूच तर हो म्हणालीस

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी वार विचारला, तो माझा चुकला. पण माझं काय आहे आणि ते कोणाला द्यायचं, हे मला पक्कं ठाऊक आहे, असं त्यांनी लिहून दिलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच, तर ते माझं नव्हे.

१. दोन खोल्यांचं हे घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावं. माझ्या मुलाला यात हिस्सा नाही. कारण लिहायची सक्ती नाही, तरी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यातून घरी आले, तर खिडकीखालचं शिलाई मशीन जागेवर नव्हतं. चाळीस वर्षं त्यावर मी शाळांचे गणवेश शिवले. त्यावरच हा मुलगा शिकला.

"मशीन कुठाय रे?"

"आई, असं काय करतेस? भंगारात द्यायला तूच तर हो म्हणालीस."

"मी? कधी?"

"बघ, आता तेही विसरलीस."

म्हणाले असेन, असं मला वाटलं. मग कपाट गेलं. माझा पलंग बाहेरच्या खोलीत आला. मग सहीचे कागद आले. दर वेळी मी हो म्हणालेली असायचे. माझ्या हातून एकदा गॅस चालू राहिला, तो दिवस सुनेला तारखेनिशी पाठ. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी राबले, ते मात्र दोघांनाही आठवत नाही. विसरभोळी म्हणून नाव माझं झालं.

तेव्हापासून कोणी काय विचारलं आणि मी काय म्हणाले, ते मी वहीत लिहून ठेवते. अख्ख्या वहीत एकही हो नाही.

२. ती वही मुलाला द्यावी.

३. माझी मोठी कात्री समोरच्या शिंपीणबाईंना द्यावी. त्यांनी ती कधी मागितली नाही, म्हणून.

४. घर भाचीलाच का, तेही सांगते. तिच्या आईशी मी बावीस वर्षं बोलले नाही. माझे यजमान वारले तेव्हा सख्खी बहीण फिरकली नाही, हे मी साऱ्या नात्यागोत्यात सांगत आले. गेल्या वर्षी ती काठी टेकत दारात आली.

"ताई, मी आठवडाभर तुझ्याजवळच होते गं. चूल मीच सांभाळली. तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस."

मी तिला खोटारडी म्हणाले. शिंपीणबाई तिथेच होत्या. म्हणाल्या, "होत्या हो त्या. भाजी मीच आणून द्यायचे त्यांना."

यजमान वारले तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. म्हातारपणावर ढकलायची सोय नाही. मला राग धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून तिचं येणंच मी पुसून टाकलं. मुलाला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? तरी ठेवते.

"चुकले मी," असं मी तिला म्हणाले. चपला घालताना ती वळली आणि काहीतरी बोलली. तीन महिन्यांनी ती गेली. ती काय बोलली, ते मला आठवत नाही. रोज आठवून बघते.

हा मजकूर दोन्ही साक्षीदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझाच आहे. त्यांच्यासमोर सही केली.

सही : (लिहून देणार)
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर २. कोपऱ्यावरचे औषधवाले
ठिकाण : राहतं घर, बाहेरची खोली
तारीख : ९ नोव्हेंबर